हाकेवर भुंकणारा मॅस्टिफ

ईस्टन, पोर्टलंड
बुधवार, ४ नोव्हेंबर १९८७

प्रिय डॉट,

तुझं पत्र सोमवारी मिळालं आणि लोकरही. रंग सुरेख आहे, माझ्या वयाला शोभतो की नाही ते विणून झाल्यावर बघू. गुडघा कसा आहे? डॉक्टरनं दिलेला पट्टा बांधतेस की कपाटात ठेवून दिलास? मला ठाऊक आहे तू काय केलं असशील ते.

इकडे सगळं ठीक. गेल्या आठवड्यात समुद्र चेसिलच्या किनाऱ्यावरच्या गोट्यांवरून असा उसळला की वेमथचा रस्ता अर्धा दिवस बंद होता. शेजारच्या लॅनोबाईंना केवढा आनंद झाला, कारण त्यांना त्या दिवशी दंतवैद्याकडे जायचं होतं.

केन मजेत आहे. मागच्या खोलीत त्याचं बस्तान नीट बसलंय. सोमवारी येतो, शुक्रवारी तुझ्याकडे रेडिंगला परततो आणि मधले दिवस माझ्या टेबलावर जेवतो. तक्रार नाही हं माझी. बहिणीचा नवरा लॉजमध्ये राहिला असता तर बेटावर आमचीच शोभा झाली असती. फक्त तो किपर, म्हणजे तो धुरावलेला मासा, खातो तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघते. एकेक काटा चोखून ताटलीच्या कडेला ओळीनं मांडतो, जणू कुणी मोजायला येणार आहे. आपले बाबाही किपर खायचे, पण त्यांचे काटे कधी दिसले नाहीत. असो.

कॉलिनला प्लिमथचा कोर्स मिळाला, म्हणून तू फार खूश दिसतेस. मलाही बरं वाटलं. पोरगा मात्र फोनवर घुम्यासारखा बोलला. ऐन वेळी जहाजावरून उतरवलं, म्हणजे आपण कामात कमी पडलो असं त्यानं मनाला लावून घेतलंय. मी म्हटलं, अरे, ख्रिसमस घरी मिळेल, आईच्या हातचं खाशील. तो म्हणाला, “मावशी, माझ्या खुर्चीत टेरी बसलाय.” टेरी म्हणजे लॅनोबाईंचा नातू, आपल्या कुंपणावरून उड्या मारायचा तो. आता तो मार्लस्टन जहाजावर आहे, कॉलिनच्याच रडारसमोर. लॅनोबाईंचं सगळ्या चर्चला सांगून झालंय. ख्रिसमसआधी जहाज आखाताकडे निघेल. तिकडे इराण-इराकच्या भांडणात जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांवर क्षेपणास्त्रं सुटताहेत, ते तू बातम्यांत बघतच असशील.

माझ्या कामाचं मी तुला कधी धड सांगितलं नाही, तूही कधी विचारलं नाहीस. आज सांगते. कायद्यानं सांगू नये, म्हणून वाचून झालं की शेगडीत टाक.

केनच्या कंपनीनं, होल्ट-ब्रॅडवेलनं, जहाजांसाठी एक यंत्र बनवलंय. नाव ठेवलंय मॅस्टिफ. राखणीचा कुत्रा. शत्रूचं क्षेपणास्त्र जहाजाकडे येतं ते स्वतःच्या रडारनं चाचपडत येतं. मॅस्टिफनं ते चाचपडणं दुरून ऐकायचं, घंटा वाजवायची, खोट्या लहरी सोडून त्याला वेडं करायचं आणि चंदेरी पट्ट्यांची रॉकेटं उडवायची, म्हणजे क्षेपणास्त्र जहाज सोडून त्या चंदेरी ढगामागे जातं. हे सगळं माणसाचा हात न लागता व्हायला हवं, कारण माणसाला तेवढा वेळच मिळत नाही. आम्ही ते मार्लस्टनवर तपासतो. एका विमानाच्या नाकात क्षेपणास्त्राचं डोकं बसवलंय. विमान खालून, पाण्यालगत जहाजावर येतं. डोक्यानं जहाज पकडलं की वैमानिकासमोर दिवा लागतो. दिवा लागून तसाच राहिला तर जहाज बुडालं असं धरायचं. विझला, तर मॅस्टिफ जिंकला.

यात माझं काम म्हणजे हाक देणं. मी नौदलाच्या चाचणी विभागाची, कंपनीची नव्हे. जहाजाच्या ऑपरेशन रूममध्ये, त्या अंधाऱ्या खोलीत कोपऱ्यात स्टुलावर बसते. कानाला वैमानिक, तोंडापाशी जहाजाचा लाउडस्पीकर. वैमानिक म्हणतो, डावीकडून येतोय, की मी सगळ्या जहाजाला सांगते, विमान डावीकडून, डावी बाजू मोकळी करा. रॉकेट उडताना डेकवर कुणी भाजू नये एवढ्याचसाठी. पंधरा वर्षं ही हाक देतेय. खलाशी म्हणतात, मिस कॉम्बेनचा आवाज धुक्यातही ऐकू येतो. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

काल, मंगळवारी, माझा घसा साफ बसला. शब्द फुटेना. दिवस वाया जाऊ नये म्हणून कप्तानानं डेक सकाळीच रिकामं करवलं आणि म्हणाला, हाकेची गरज नाही, चालू द्या. विमान आलं, डोक्यावरून गेलं. कानात वैमानिक सांगत होता की दिवा लागलाय, विझलेला नाही. आणि मॅस्टिफ? घंटा नाही, रॉकेट नाही. झोपलेलं कुत्रं. मॅस्टिफसमोर कंपनीचा निगेल बसतो, तो पोरगा माझ्याकडे असा बघत राहिला जसं काही चूक माझीच. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की त्याचा हात एका बटणावर आहे आणि तो बटण फिरवायला माझ्या आवाजाची वाट बघतोय.

मॅस्टिफचे कान चारी दिशांना उघडे ठेवले की तो मासेमारी होड्यांवरही भुंकतो. म्हणून हे लोक त्याचा कान एकाच बाजूला वळवून ठेवतात. कुठल्या बाजूला? मी सांगेन त्या. कुणाला ही लबाडी वाटतच नव्हती. ते याला तयारी म्हणतात. इतके महिने, इतक्या फेऱ्या, सगळ्या यशस्वी, आणि कुत्रं भुंकत होतं माझ्या हाकेवर.

त्या फेरीवर शेरा पडला ‘चाचणी नाही’. आमच्याकडे तशी रीत आहे. विमान बिघडलं, मध्ये होडी आली, की ती फेरी झालीच नाही असं धरतात. या वेळी कारण लिहिलं, हाक देणारी आजारी. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तुला आठवतं, बाबांच्या खाणीत ते लांब कानांचं जनावर दिसलं, ज्याचं नाव आपण बेटावर घेत नाही, की सगळे खाणकामगार हत्यारं खाली ठेवून सरळ घरी यायचे? त्यानं बिळं पोखरली म्हणजे दगड सैल झालाय, आज-उद्या कडा कोसळणार. वेमथचे लोक हसायचे आपल्याला. हे इंजिनिअरही हसतात. पण बाबांना ते दिसलं की दिसलं. दिसूनही दिसलंच नाही असं लिहिणारी माणसं मी या आठवड्यात पहिल्यांदा बघितली.

मध-लिंबू घेतेय. आवाज येतोय थोडा थोडा.

तुझी,
विनी


ईस्टन
शुक्रवार, १३ नोव्हेंबर

प्रिय डॉट,

उत्तर इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. तू लिहितेस, यंत्रातलं आपल्याला काय कळतं, केन तीस वर्षं यात आहे, आणि त्याला अल्सर आहे म्हणून त्याच्याशी वाद घालू नकोस. अल्सरची काळजी करू नकोस. त्याची भूक उत्तम आहे.

तो शेरा मारणारा केनच होता. हे मागच्या पत्रात मी लिहिलं नाही, कारण तुला वाईट वाटेल असं वाटलं. फेरी धरायची की नाही हे ठरवायचा हक्क कंपनीच्या चाचणीप्रमुखाचा, आणि चाचणीप्रमुख तुझा नवरा.

आधी मी आमच्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, “मिस कॉम्बेन, कागदावर जी फेरी झालीच नाही तिची तक्रार मी कशी घेऊ?” आणि मला घशासाठी गोळ्या दिल्या. खरंच दिल्या, ड्रॉवरमधून काढून.

मग मी केनला घरी विचारलं. मंगळवारी संध्याकाळी. लिव्हर आणि कांदे केले होते, त्याला आवडतात म्हणून. त्याचा माझ्यावर राग राहू नये असं मनात होतं, म्हणजे बघ, मीही किती मूर्ख.

मी म्हटलं, “केन, ती फेरी पुसायला नको होती.”

“पुसली नाही, विनी. धरली नाही. फरक आहे.”

“फरक काय?”

“तुझा घसा बसला, पद्धत मोडली. पद्धत मोडली की निकाल धरत नाहीत. शाळेतल्या पोरालाही कळतं हे.”

“म्हणजे मी पद्धतीत आहे? आखातात क्षेपणास्त्र सोडणारा मला आधी फोन करणार आहे का?”

तो हसला. डॉट, तो हसला आणि पावाचा तुकडा ताटलीतल्या रश्श्यातून गोल फिरवला. “तुझी हाक सुरक्षेसाठी असते,” म्हणाला.

“मग निगेल बटण का फिरवतो माझ्या हाकेवर?”

“तयारीत असतो तो.”

“आणि तिकडे तयारीत कोण ठेवणार त्याला?”

“तिकडे सगळं जहाजच तयारीत असतं. हे बघ, पुढच्या वर्षी सुधारलेला मॅस्टिफ येतोय, चारी दिशांना ऐकणारा. यंत्रं अशीच सुधारतात. पहिलं कधीच नीट चालत नाही.”

“आणि तोवर?”

“तोवर हा जहाजावर असेल, आणि शत्रूला वाटेल की तो चालतो. तेवढंही पुष्कळ असतं, विनी.”

असं म्हणून त्यानं तो पाव तोंडात टाकला. ओठाच्या कडेला रस्सा लागला होता, तो जिभेनं टिपला. मला शिसारी आली. माझ्याच हातचं जेवण, माझंच टेबल, आणि मला उठून तोंड धुवावंसं वाटलं. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, असं आपण हसत हसत म्हणतो. खाणारा समोर बसून बोटं चाटतो तेव्हा हसू येत नाही.

मी म्हटलं, “त्या जहाजावर टेरी आहे. या घरात वाढलाय तो पोरगा. तू त्याला सायकल शिकवलीस.”

त्यावर तो एक वाक्य बोलला. ते मी आज लिहीत नाही. मी त्याच्या पुढ्यातली ताटली उचलली आणि मोरीत ठेवली. त्यात अजून लिव्हरचा तुकडा होता. तो म्हणाला, “अगं, माझं व्हायचंय.” मी म्हटलं, “झालं तुझं.”

तेव्हापासून आम्ही हवापाण्याबद्दल बोलतो.

दुसऱ्या दिवशी बंदरातून जहाजाकडे जाणाऱ्या बोटीत टेरी शेजारी होता. तो म्हणाला, “मावशी, तो मॅस्टिफ आहे ना, त्यामुळे आजी निर्धास्त आहे. मी तिला सांगितलंय, आपल्याला कुणी हात लावू शकत नाही.” मी त्याला काहीच सांगितलं नाही. त्याच्या हातात काय आहे? त्याला जायचंच आहे. कळूनही जायचं, यापेक्षा न कळता गेलेलं बरं, असं मला वाटलं. आणि तसं वाटल्याचीही मला किळस आली, कारण केनलाही नेमकं तसंच वाटत असणार.

येत्या गुरुवारी शेवटची चाचणी आहे. मार्लस्टनचे कप्तान या वेळी स्वतः ऑपरेशन रूममध्ये उभे राहणार; लंडनचे बडे लोक, कंपनीचे संचालक, सगळे येणार. त्यानंतर कप्तान सही करतील आणि मॅस्टिफ जहाजाचा होईल. केननं मला आठवडाभर थंड पाणी पिऊ नकोस म्हणून बजावलंय. रोज विचारतो, “घसा कसा आहे?” इतक्या मायेनं तर त्यानं तुझ्या गुडघ्याची चौकशी केली नसेल.

माझा आवाज परत आलाय. पहिल्यासारखा.

विनी


ईस्टन
शुक्रवार, २० नोव्हेंबर

डॉट,

केन काल रात्री तुझ्याकडे पोचला असेल आणि त्याचं सांगून झालं असेल की मी त्याचं घर धुळीला मिळवलं. आता माझ्याकडून ऐक. हे पत्र आज सकाळच्या टपालानं टाकतेय, उद्या तुझ्या हातात पडेल. दार लावून वाच.

काल सकाळी बोट भरून पाहुणे आले. उत्तम कोट, बुटांना समुद्राचं पाणी लागू नये म्हणून टाचांवर चालणारे. ऑपरेशन रूममध्ये इतकी गर्दी की श्वास घ्यायला जागा नाही, आणि कुणीतरी लावलेल्या अत्तराचा वास डिझेलच्या वासात मिसळला होता. माझ्या बाजूला टेरी, पुढे निगेल, मागे केन. केनच्या अंगावर तू वाढदिवसाला दिलेला टाय होता.

मी मुख्य अधिकाऱ्याला आधीच विचारून घेतलं होतं की डेकच्या दोन्ही बाजू मोकळ्या ठेवता येतील का, पाहुणे फार आहेत म्हणून. तो म्हणाला, चांगली कल्पना. दोन्ही बाजू रिकाम्या केल्या. हे लिहितेय कारण केन तुला सांगेल की मी माणसांचा जीव धोक्यात घातला. डेकवर कुणीही नव्हतं.

पहिल्या तीन फेऱ्या मी चोख हाका दिल्या. डावीकडून. पुन्हा डावीकडून. मागून. प्रत्येक वेळी निगेलनं बटण फिरवलं, घंटा वाजली, रॉकेटं उडाली, वैमानिक म्हणाला, दिवा विझला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एका संचालकानं मागूनच कप्तानांना म्हटलं, “बघा, माणसाचा हातही लागत नाही.” निगेलचा हात त्याच्या डोळ्यांसमोर होता.

चौथ्या फेरीला वैमानिक माझ्या कानात म्हणाला, “डावीकडून येतोय.”

मी लाउडस्पीकरवर म्हटलं, “विमान उजवीकडून. उजवी बाजू मोकळी करा.”

आवाज जराही कापला नाही, डॉट. धुक्यातही ऐकू गेला असता.

निगेलनं बटण उजवीकडे फिरवलं. उजवीकडे पोर्टलंडचे कडे होते, आपल्या बाबांनी आयुष्यभर फोडलेला दगड. जहाजाच्या स्वतःच्याच रडारचा पडसाद त्या कड्यांवरून परत येत होता. मॅस्टिफनं तो ऐकला आणि खूश होऊन भुंकला. घंटा वाजली, रॉकेटं उजवीकडे उडाली, चंदेरी पट्ट्यांचा ढग थेट खाणींच्या दिशेनं पसरला. निगेल ओरडला, “हुकवलं.” पाहुणे टाळ्या वाजवायला लागले. त्या टाळ्या चालू असतानाच विमान डावीकडून डोक्यावरून गेलं, इतक्या खालून की टेबलावरचे कप खडखडले. माझ्या कानात वैमानिक म्हणाला, “दिवा पहिल्यापासून शेवटपर्यंत होता. तुम्ही बुडालात. तिकडे टाळ्या कसल्या वाजताहेत?”

टाळ्या एकेक करून थांबल्या.

केन पुढे आला. म्हणाला, “हाक देणाऱ्या बाईंची चूक झाली, कप्तानसाहेब. वय झालंय त्यांचं. ही फेरी आपण धरत नाही. चाचणी नाही.”

मार्लस्टनचे कप्तान कमी बोलणारे आहेत. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. “मिस कॉम्बेन, तुम्ही चुकलात?”

“हो, साहेब. उजवं म्हटलं.”

मग ते केनकडे वळले. “बाई चुकल्या, मान्य. होतं कधी कधी. पण यंत्र कसं चुकलं? त्याला तर विमान ऐकायचं होतं. ते बाईंचं का ऐकत होतं?”

निगेलनं बटणावरचा हात काढून मांडीवर ठेवला. संचालक घड्याळ बघायला लागला. केन काहीतरी तयारीबद्दल बोलू लागला, तेव्हा कप्तान म्हणाले, “आता कुणीच काही बोलायचं नाही. तुम्हीही नाही, मिस कॉम्बेन. विमानाला परत पाठवा, त्याला हवं तिकडून येऊ दे.” आणि स्वतः माझ्या लाउडस्पीकरचं बटण बंद करून त्यावर हात ठेवून उभे राहिले.

विमान आलं. मॅस्टिफ झोपलेलाच. कप्तान म्हणाले, “परत.” परत आलं. झोपलेलाच. तिसऱ्या वेळी निगेलनं घाबरून त्याचे कान चारी दिशांना उघडले, तर तो लॉबस्टर पकडणाऱ्या एका होडीवर भुंकला. तेव्हा खलाशांपैकी कुणीतरी हसलं आणि कप्तानांनी त्याला रागावलंही नाही. ते केनला एवढंच म्हणाले, “हे माझ्या जहाजावरून उतरवा. आधीचं जुनं यंत्र परत बसेपर्यंत मी कुठेही जाणार नाही, आणि तसं मी लंडनला आजच कळवतोय.”

बाहेर येताना जिन्यापाशी टेरी हळूच म्हणाला, “मावशी, तुम्ही डावं-उजवं कधीच चुकत नाही.”

मी म्हटलं, “वय झालं रे.” त्यानं माझा हात धरून मला बोटीत उतरवलं. हात थंडगार होता त्याचा.

मला कामावरून घरी बसवलंय, चौकशी होईपर्यंत. होऊ दे. विचारलं तर मी खरं सांगेन की मुद्दाम केलं.

आता ते वाक्य.

मी केनला म्हटलं होतं की त्या जहाजावर टेरी आहे. तेव्हा तो चमचा चाटत म्हणाला, “मग तुला काय वाटतं, कॉलिनला मी उगाच उतरवला?”

असं, सहज. जसं कुणी सांगावं की पाऊस येणार होता म्हणून कपडे आत घेतले. सप्टेंबरातच त्यानं ओळखीच्या कुणाला तरी गाठून कॉलिनचं नाव त्या कोर्सात घुसवलं. सप्टेंबरात, डॉट. माझा घसा बसला नोव्हेंबरात. मला वाटत होतं, बिचाऱ्याला उशिरा कळलं आणि आता तो अडकलाय. नाही. त्याला आधीपासून माहीत होतं की ते कुत्रं बहिरं आहे. माहीत असताना त्यानं एक खुर्ची रिकामी केली, आपल्या पोराची, आणि त्या खुर्चीत लॅनोबाईंचा पोरगा बसला तेव्हा लॅनोबाईंना अभिनंदन म्हणाला. माझ्यादेखत, कुंपणापाशी, टोपी काढून. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी शंभरदा वापरली असेल. तिचा वास कसा असतो ते मला आत्ता कळलं.

तुझ्यावर माझा राग नाही. तुला हे माहीत नव्हतं असं मी धरून चाललेय. कॉलिनच्या कोर्सबद्दल तू पत्रात लिहिलं होतंस, “देवाचीच कृपा म्हणायची.” त्या मंगळवारनंतर ते पत्र मला परत उघडवलं नाही. तरी मी तुला लगेच लिहिलं नाही. दहा दिवस मी केनचं ते वाक्य गिळून बसले.

काल संध्याकाळी केन बॅग भरायला आला. मी स्वयंपाक केला नव्हता. तो दारात उभा राहून म्हणाला, “तू माझी तीस वर्षं बुडवलीस. आणि मी काय केलं? माझ्या मुलाला वाचवलं. कुठल्या बापानं केलं नसतं?”

मी म्हटलं, “बापानं पोराला उतरवलं असतं आणि यंत्रही उतरवलं असतं.”

तो म्हणाला, “तुला पोरं नाहीत, तुला कळणार नाही.”

तो गेल्यावर मागच्या खोलीची खिडकी उघडी टाकली, अजून उघडीच आहे. चादरी लॉन्ड्रीत दिल्या, घरी धुवाव्याशा वाटल्या नाहीत. ताटल्या मात्र स्वतः घासल्या, दोनदा.

डॉट, आता तुझ्यावर येतंय. पुढच्या रविवारी, एकोणतीस तारखेला, कॉलिन माझ्याकडे जेवायला येतोय. टेरीलाही बोलावलंय. कॉलिनला अजून वाटतं की तो कामात कमी पडला म्हणून त्याला काढलं. तो मान खाली घालून मित्रासमोर बसेल, आणि ते मला बघवणार नाही. त्याला कळलं पाहिजे की तो चांगला होता आणि त्याचा बाप वाईट होता. हे तू सांगितलंस तर बरं, आईच्या तोंडून ऐकलेलं माणसाला सोसतं. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, टेरी समोर असतानाच, कारण टेरीचाही त्यावर हक्क आहे.

मला लिहू नकोस की आजारी माणसावर दया कर. मला लिहू नकोस की घरातलं घरात राहू दे. घरातलं घरातच राहिलं म्हणूनच तर ते समुद्रावर जायला निघालं होतं.

बाबा असते तर त्यांनी हत्यारं खाली ठेवली असती आणि घरी आले असते. मी खाली ठेवलीत. आणि बेटावर जन्मल्यापासून जे केलं नाही तेही आज करते. ससा. डॉट, ससा दिसला. मी लिहिलं, दिवसाउजेडी, बाबांच्याच टेबलावर बसून. छप्पर अजून जागेवर आहे.

घसा पूर्ण बरा झालाय. एकोणतीसपर्यंत बसणार नाही.

तुझीच बहीण,
विनिफ्रेड कॉम्बेन